ड्राय आईस आणि लिक्विड नायट्रोजन: सांगली-साताऱ्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत या दोन पदार्थांशी रोज गाठ पडणारी माणसं बरीच आहेत. गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करणारे कर्मचारी, मंगल कार्यालयात नवरा-नवरीच्या पायाशी धूर सोडणारे डेकोरेशनवाले, मिरजेच्या दवाखान्यांतले लॅब टेक्निशियन, विज्ञान प्रदर्शनाची तयारी करणारे शिक्षक. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. ही मंडळी जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. थंडीबद्दल लोक आपणहून सावध असतात, पण त्यातून सुटणाऱ्या वायूचा विचार फार थोडे जण करतात. माणसं दगावतात ती बहुतेक वायूमुळे. म्हणून हा मुद्दा पुढे वारंवार येईल, आणि तो मुद्दाम आणला आहे.

दोघांचं तापमान नेमकं किती असतं?

ड्राय आईस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचं तापमान उणे ७८.५ अंश सेल्सिअस. लिक्विड नायट्रोजन उणे १९५.८ अंशांना उकळतो, आणि भांड्यात तो सतत उकळतच असतो, म्हणून त्याचंही तापमान तेवढंच धरायचं. उणे २१० अंशांना तो स्वतः गोठतो.

घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ च्या आसपास तापमान असतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो, ते तापमान शून्याच्या जवळपासचं. यावरून अंतराचा अंदाज यावा. सांगलीत उन्हाळ्यात पारा चाळिशीला गेला की बाहेरची हवा आणि कॅनमधला नायट्रोजन यांत २३५ अंशांहून जास्त फरक पडतो.

हे आकडे फ्रीजच्या बटणासारखे कमी-जास्त करता येत नाहीत. पदार्थ शिल्लक आहे तोवर तापमान तिथंच राहतं, आणि बाहेरून येणारी सगळी उष्णता त्याचा वायू करण्यात खर्ची पडते.

महाबळेश्वरला आणि सांगलीत तापमान सारखंच असतं का?

अगदी सारखं नाही. उंचीवर हवेचा दाब कमी असतो आणि दाब उतरला की उत्कलनबिंदूही उतरतो. महाबळेश्वरच्या उंचीवर नायट्रोजन साधारण एका अंशाने आणि ड्राय आईस दोनेक अंशांनी जास्त थंड असतो. वापरात याने काहीही बिघडत नाही, पण प्रश्न चांगला आहे. एका आठवीतल्या मुलीने तो विचारला होता.

ड्राय आईसचं पाणी का होत नाही?

कार्बन डायऑक्साइडला द्रवरूपात राहायला वातावरणाच्या पाचपटीहून थोडा जास्त दाब लागतो. आपल्या भोवतीच्या दाबाला तो द्रव होऊच शकत नाही, घनाचा थेट वायू होतो. याला संप्लवन म्हणतात, कापराचं होतं तसंच. दाबाखाली मात्र द्रव कार्बन डायऑक्साइड मिळतो. ऑफिसात भिंतीला लावलेल्या, मोठं काळं भोंग्यासारखं तोंड असलेल्या अग्निशामक सिलिंडरमध्ये तो असतो.

१८३५ मध्ये थिलोरिए या फ्रेंच संशोधकाने अशाच द्रवाचं भांडं उघडलं तेव्हा काही द्रव उडून गेला आणि उरलेला त्या थंडीने गोठून पांढरा भुसा झाला. आजही ड्राय आईस याच तत्त्वावर बनतो. दाबाखालचा द्रव मोकळा सोडायचा, तयार झालेला बर्फ दाबून त्याच्या विटा किंवा गोळ्या करायच्या. ही वीट पाण्याच्या साधारण दीडपट जड असते, त्यामुळे पाण्यात टाकली की साध्या बर्फासारखी तरंगत नाही, तळाला जाते.

हे येतात कुठून?

नायट्रोजन हवेतून. हवेत ७८ टक्के तोच आहे. हवा दाबून, थंड करून द्रव करतात आणि मग तिचे घटक उकळत्या तापमानाप्रमाणे वेगळे काढतात. ऑक्सिजन उणे १८३ ला उकळतो, नायट्रोजन त्याच्या खाली. २०२१ मध्ये ज्या लिक्विड ऑक्सिजनच्या टँकरकडे आपण सगळे डोळे लावून बसलो होतो, तो ऑक्सिजनही याच पद्धतीने वेगळा काढलेला होता.

ड्राय आईससाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या उद्योगातून बाहेर पडलेला असतो, आणि त्यातला एक उद्योग आपल्या ऊसपट्ट्याला चांगला माहीत आहे. मळीपासून इथेनॉल करताना यीस्ट साखर खातं, तेव्हा अल्कोहोलबरोबर जवळजवळ तितक्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड सुटतो. एक किलो इथेनॉलमागे सुमारे ९५० ग्रॅम. तो गोळा करून, शुद्ध करून, दाबला की ड्राय आईस करता येतो.

नायट्रोजन जास्त थंड आहे, म्हणजे माल थंड ठेवायला तोच चांगला ना?

हा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि त्यापायी पैसे वाया जातात. किती थंड आहे आणि किती उष्णता शोषून घेईल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक किलो साधा बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. एक किलो लिक्विड नायट्रोजनचा वायू होताना फक्त १९९ किलोज्यूल लागतात. म्हणजे बर्फापेक्षाही कमी. तो थंड वायू शून्य अंशापर्यंत तापेपर्यंत आणखी तेवढीच उष्णता घेतो, म्हणजे एकूण झाले चारशेच्या आसपास. पण कॅनच्या तोंडातून तो वायू निघून गेला तर ही दुसरी अर्धी थंडी आपल्या उपयोगी पडतच नाही. एक किलो ड्राय आईस मात्र नुसतं संप्लवन होताना ५७१ किलोज्यूल घेतो, आणि वायू शून्याला येईपर्यंत सुमारे ६३५.

लिटरच्या हिशेबाने अंतर आणखी वाढतं. नायट्रोजनचा लिटर ८०० ग्रॅमचा, ड्राय आईसचा दीड किलोचा. एकाच खोक्यात भरलं तर ड्राय आईस नायट्रोजनच्या जवळजवळ तिप्पट उष्णता शोषेल.

म्हणून गोठवलेला माल सांगलीहून मुंबईला न्यायचा तर ड्राय आईस. जिथे उणे ७९ पुरतच नाही, जिथे जिवंत पेशी वर्षानुवर्षं टिकवायच्या आहेत, तिथे नायट्रोजनच.

गाय भरवण्याच्या, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या नायट्रोजनमध्येच का ठेवायच्या? नायट्रोजन संपला तर ड्राय आईसवर दोन दिवस भागवता येईल का?

नाही. आणि याचं कारण नीट समजून घ्यावं, कारण नुकसान डोळ्यांना दिसत नाही.

वीर्य गोठवण्याची युक्ती १९४९ साली ब्रिटनमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांना सापडली: ग्लिसरॉल घातलं तर शुक्राणू गोठूनही मरत नाहीत. सुरुवातीची काही वर्षं गोठवलेलं वीर्य ड्राय आईसवरच, म्हणजे उणे ७९ ला ठेवत. पण दिवसांगणिक त्याची फलनक्षमता उतरत जाई. पुढे जग नायट्रोजनकडे वळलं, ते याच कारणाने.

उणे १३० अंशांच्या खाली कांडीतलं पाणी काचेसारखं स्थिर झालेलं असतं. त्याच्या वर आलं की बारीक स्फटिक हळूहळू मोठे होऊ लागतात आणि पेशी फोडतात. परत नायट्रोजनमध्ये बुडवल्याने ते स्फटिक पुन्हा लहान होत नाहीत. कांडी बाहेरून तशीच दिसते, गोठलेली, रंगीत, लेबल शाबूत. गाय मात्र उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, शेतकरी कर्मचाऱ्याला बोल लावतो, कर्मचारी वळूला.

त्यामुळे कॅनमधून कांडी शोधताना जे घडतं ते महत्त्वाचं. कॅनिस्टर, म्हणजे कांड्या ठेवायची आतली डबी, तोंडाच्या वर काढून, उजेडात धरून, नंबर वाचत बसायचं नाही. ती मानेच्या आतच, तोंडापासून दोन-तीन इंच खाली ठेवायची, चिमट्याने कांडी उचलायची, आणि काही सेकंदांत सापडली नाही तर कॅनिस्टर पुन्हा खाली सोडून थोडं थांबायचं. पाव मिलीलिटरची कांडी इतकी बारीक असते की बाहेरच्या हवेत ती काही सेकंदांतच धोक्याच्या तापमानाला पोचते. वापरायची कांडी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात साधारण ३० सेकंद. खिशात, हातावर चोळून किंवा तोंडात धरून नाही. आटपाडी-जतकडचा खिलार असो की भिलवडीकडची होल्स्टीन संकरित, नियम तोच.

कॅनमध्ये नायट्रोजन किती उरला आहे हे कसं बघायचं?

लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी तळापर्यंत घालायची, थोडं थांबून बाहेर काढायची आणि हवेत हलवायची. जिथवर पांढरं दव धरेल तिथवर नायट्रोजन. पोकळ नळी कधीही घालू नये. आतला नायट्रोजन एकदम उकळून नळीच्या वरच्या तोंडातून कारंज्यासारखा उडतो, आणि तेव्हा आपला चेहरा नेमका तिथेच असतो.

तीन लिटरच्या छोट्या कॅनमधून दिवसाला साधारण शंभर ते दीडशे मिलीलिटर नायट्रोजन नुसताच उडून जातो. वारंवार उघडला, आडवा झाला, मोटारसायकलवर हिंदकळला तर जास्त. रोजची घट अचानक वाढली आणि कॅनच्या बाहेरच्या अंगाला घाम किंवा बर्फ धरू लागला, तर दोन भिंतींमधली निर्वात पोकळी गेली असं समजावं. तो कॅन रिकामा करून बदलायचा. दुरुस्तीची वाट बघत कांड्या त्यात ठेवू नयेत.

बूच सैल आहे. घट्ट बसवलं तर नायट्रोजन कमी उडेल ना?

बूच सैल असतं ते मुद्दाम. एक लिटर नायट्रोजनचा खोलीच्या तापमानाला जवळजवळ ७०० लिटर वायू होतो. तो बाहेर पडायला वाट नसेल तर कॅन फुटतो. चिंधी गुंडाळून घट्ट दाबणं, वरून टेप मारणं, रबरी बूच बसवणं, यातलं काहीही करू नका.

ड्राय आईसचंही तेच. किलोभर ड्राय आईसपासून सुमारे ५४० लिटर वायू. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत दोन तुकडे टाकून झाकण लावलं की ती फुटतेच, फक्त कधी ते सांगता येत नाही. २५ अंशांना बंद जागेत कार्बन डायऑक्साइडचा दाब वातावरणाच्या साठपटीच्याही वर जाऊ शकतो. त्याच्या कितीतरी आधी बाटलीचे तुकडे डोळ्यांत गेलेले असतात. मुलं मोबाईलवर असे प्रयोग बघतात आणि करायला मागतात. त्यांना नुसतं 'नको' म्हणू नये, हा आकडा सांगावा.

वायूची इतकी भीती का घालता? दोन्ही वायू हवेत असतातच की.

असतात. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि सांगलीकरांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला हळदीची पेवं होती. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच बुजली. जमिनीखालच्या त्या बंद पेवात हळदीला कीड लागत नसे, कारण किडीला जगायला ऑक्सिजनच उरत नसे. पण म्हणूनच पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नसे. तोंड उघडं टाकून हवा खेळू द्यायची, कंदील खाली सोडून बघायचा, मग माणूस. जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत उतरण्याआधीही जाणती माणसं हेच करतात.

कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड. तो खड्ड्यात, तळघरात, गाडीच्या खालच्या भागात साचतो. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत त्याचे सुमारे ४२० भाग असतात. कामाच्या जागी आठ तासांसाठी ५,००० भागांची, म्हणजे अर्ध्या टक्क्याची मर्यादा मानतात. तीन टक्क्यांना दम लागतो आणि डोकं दुखतं, चार टक्के जिवाला धोकादायक, दहा टक्क्यांना माणूस काही मिनिटांत बेशुद्ध. ऑगस्ट १९८६ मध्ये कॅमेरूनमधल्या न्योस सरोवरातून एका रात्री हा वायू बाहेर पडला आणि दरीत पसरला. त्यात सुमारे १,७०० माणसं गेली.

कंदिलाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. कंदील विझला तर धोका नक्की. पण तो जळत राहिला म्हणून जागा सुरक्षित ठरत नाही. माणसाला बेशुद्ध करण्याइतका कार्बन डायऑक्साइड असूनही ज्योत जळत राहू शकते.

मग नायट्रोजन तर विषारी नाही, तो कमी धोकादायक का?

मला तो जास्त धोकादायक वाटतो. गुदमरल्याची जी जाणीव आपल्याला होते ती ऑक्सिजन कमी झाल्यामुळे होत नाही, शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे होते. नायट्रोजनने भरलेल्या खोलीत आपण श्वास सोडतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा बाहेर पडत राहतो. त्यामुळे दम लागत नाही, घाबरायला होत नाही, वासही येत नाही. डोकं थोडं हलकं होतं आणि माणूस खाली कोसळतो.

हिशेब करून बघा. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली, खिडक्या बंद. दहा लिटरचा कॅन आडवा झाला आणि सगळा नायट्रोजन सांडला. जवळजवळ सात हजार लिटर वायू झाला. खोलीतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६ च्या आसपास येतो. १९.५ च्या खाली गेलं की ती जागा ऑक्सिजन कमी असलेली समजतात. आणि हा खोलीभरचा सरासरी आकडा झाला. नुकता उकळलेला थंड वायू हवेच्या जवळजवळ चौपट जड असतो, त्यामुळे जमिनीलगत परिस्थिती आणखी वाईट.

कॅन ठेवायची खोली हवेशीर हवी. एसी लावून बंद केलेली खोली नको, जिन्याखालची अडगळ नको. आणि अशा खोलीत, पेवात किंवा विहिरीत कुणी पडलेलं दिसलं तर लगेच मागोमाग आत जाऊ नका. आधी दारं-खिडक्या उघडा, माणसं बोलवा, अग्निशमन दलाला कळवा. एकाला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा, आणि एकाच घरातली दोन-तीन माणसं जातात.

गाडीतून ड्राय आईस आणायचा आहे. काय काळजी घ्यायची?

उघड्या टेम्पोत किंवा पिकअपच्या मागच्या हौद्यात आणा. कारमधूनच आणावा लागला तर डिकीत, आणि काचा खाली करून. एसी आतली हवा फिरवण्यावर ठेवू नका. कारच्या आतली जागा साधारण तीन हजार लिटर धरली आणि वाटेत अर्धा किलो ड्राय आईस उडाला, तर २७० लिटर वायू झाला. सगळा आतच राहिला तर नऊ टक्के. प्रत्यक्षात कार इतकी हवाबंद नसते, पण पुण्याहून येताना घाटात ड्रायव्हरला पेंग यायला याच्या निम्म्यानेही पुरतं.

खोकं जाड थर्माकोलचं, झाकण नुसतं ठेवलेलं, चिकटपट्टीने बंद केलेलं नाही. आणि पाचेक किलोचं खोकं रात्रभरात बरंच हलकं होतं, तेव्हा कार्यक्रमाच्या दिवशीच आणलेला बरा.

लग्नात जो धूर सोडतात तो कार्बन डायऑक्साइडच असतो का?

दिसतो तो पांढरा भाग म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, धुकंच. कार्बन डायऑक्साइड रंगहीन असतो आणि त्या धुक्यात मिसळलेला असतो. गरम पाण्यात ड्राय आईस बुडवला की धूर जास्त होतो, म्हणून ते मशीन आतलं पाणी तापवतं. थंड असल्याने धूर वर न जाता पायाशी पसरतो.

मोठ्या, उंच छताच्या, दारं उघड्या असलेल्या कार्यालयात किंवा लॉनवर दोन मिनिटांचा धूर सोडला तर मोठ्यांना त्रास व्हायचं कारण नाही. पण धुकं विरलं तरी वायू तिथंच असतो, आणि गुडघ्याच्या उंचीला असतो. त्या उंचीवर लहान मुलं असतात. धुरात बसून खेळायला ती हमखास धावतात. डेकोरेशनवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे की बंद एसी हॉलमध्ये हा प्रकार करू नका, आणि करणार असाल तर एक माणूस फक्त मुलांना बाजूला ठेवायला नेमा. उरलेले तुकडे स्टेजमागे टाकून जाऊ नका. मुलं ते उचलतात.

स्मोक पान, धुराची बिस्किटं, नायट्रोजन आईस्क्रीम खावं का?

मी मुलांना देत नाही. आईस्क्रीम बनवताना नायट्रोजन घातला आणि तो पूर्ण उडून गेल्यावर वाढलं तर धोका नाही. ते भराभर गोठतं, स्फटिक बारीक राहतात, आईस्क्रीम मऊसूत होतं. पण धूर निघत असतानाच पदार्थ तोंडात टाकायचा, यातच पानाची गंमत विकली जाते, आणि धूर निघतोय म्हणजे आत नायट्रोजन शिल्लक आहे. दोन चमचे, म्हणजे दहा मिलीलिटर गिळला गेला तर पोटात सात लिटर वायू होतो. जठरात एक-दीड लिटर मावतं. जठर फाटल्याचे प्रकार आपल्या देशात घडले आहेत.

ड्राय आईस तर खायचा प्रश्नच नाही. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात जेवणानंतर मुखवास म्हणून ड्राय आईस दिला गेला आणि पाच जणांना रक्ताच्या उलट्या होऊन दवाखान्यात न्यावं लागलं. दिसायला तो खडीसाखरेसारखा असतो, हे लक्षात ठेवा. सरबताच्या भांड्यात तळाला टाकायचा असेल तर तो पेल्यात येणार नाही अशा जाळीत ठेवा.

हातावर नायट्रोजन सांडला तर काही होत नाही, असं व्हिडिओत दाखवतात. खरं आहे?

अर्धं खरं आहे. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब जसा नाचतो, तसा नायट्रोजनचा थेंब त्वचेवरून घरंगळतो, कारण मध्ये वायूचा पातळ थर तयार होतो. पण तो ओंजळीत साचला, बाहीत, बुटात, अंगठीखाली अडकला, तर तो थर टिकत नाही आणि मांस गोठतं. नायट्रोजनमध्ये बुडवलेला धातूचा चिमटा तर बोटाला चिकटतोच. ड्राय आईसही उघड्या हाताने धरू नये.

हातमोजे जाड आणि सैल हवेत, झटकले की निघणारे. डोळ्यांना चष्मा. पँट बुटाच्या बाहेर.

इजा झालीच तर ती जागा कोमट पाण्यात धरा, ३७ ते ४० अंश, अंघोळीच्या पाण्यापेक्षा कमी गरम. चोळू नका, शेकू नका, फोड फोडू नका, हळद-तेल काही लावू नका. चिकटलेली वस्तू ओढून काढू नका, कोमट पाणी ओतून सुटू द्या. मग डॉक्टर. त्वचारोगतज्ज्ञ चामखीळ काढायला हाच नायट्रोजन वापरतात, पण मोजके सेकंद आणि मोजक्या जागेवर. ते घरी करायचं काम नाही.

हळद नायट्रोजनमध्ये दळतात म्हणे?

हो, मसाल्यांसाठी ही पद्धत आहे. साध्या चक्कीत घर्षणाने पूड तापते आणि वासाची तेलं उडून जातात. नायट्रोजन सोडून दळलं तर पदार्थ ठिसूळ होऊन भुगा बारीक पडतो, तेल आतच राहतं. खर्च मात्र वाढतो. रोजच्या स्वयंपाकाच्या हळदीला तो परवडत नाही, निर्यातीच्या किंवा औषधी मालाला परवडू शकतो.

स्ट्रॉबेरी आणि द्राक्षं?

द्राक्षांना दोन्ही नकोत. ती शून्य ते एक अंशाला साठवतात, गोठली की साल फुटते. स्ट्रॉबेरी गोठवूनच विकायची असेल तर जितकी झटपट गोठेल तितके बर्फाचे कण लहान आणि फळ कमी फाटतं. तरीही बर्फ सुटल्यावर ती ताज्यासारखी राहत नाही. तिच्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं.

पुरात चार दिवस वीज नव्हती. इन्सुलिन ड्राय आईसवर ठेवलं तर?

२०१९ आणि २०२१ नंतर हा प्रश्न बऱ्याच घरांतून आला. उत्तर एकच: ठाम 'नाही'. इन्सुलिन एकदा गोठलं की निकामी होतं, आणि वितळल्यावर ते बिघडलेलं दिसेलच असं नाही. त्याला २ ते ८ अंश लागतात. साधा बर्फ डब्यात घाला, त्यावर जाड कापडाच्या घड्या, त्यावर कुपी, बर्फाला थेट लागणार नाही अशी. तेही नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं मडकं. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते, फक्त ती ३० अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

कोरोनाच्या लशी ड्राय आईसमध्ये यायच्या ना?

आपल्याकडच्या नाहीत. कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन २ ते ८ अंशांच्या. परदेशात वापरलेल्या फायझरच्या लशीला उणे ७० च्या आसपास तापमान लागायचं, आणि ड्राय आईसचं तापमान त्या कामाला नेमकं जुळणारं होतं.

एमआरआय मशीनमध्ये नायट्रोजन असतो का?

बहुतेक मशीनमध्ये लिक्विड हेलियम असतो, उणे २६९ अंशांचा.

शाळेच्या प्रदर्शनात काय दाखवता येईल?

ड्राय आईसने बरंच काही. कोमट पाण्यात साबणाचा फेस आणि एक तुकडा, की धुराचे बुडबुडे. काचेच्या टाकीच्या तळाला दोन तुकडे ठेवून थोडा वेळ थांबलं आणि वरून साबणाचा फुगा सोडला, तर तो अधांतरी तरंगतो. वायू जड आहे हे डोळ्यांनी दिसतं. चुन्याच्या निवळीत वायू सोडला की ती दुधाळ होते.

नायट्रोजन असेल तर फुगा दाखवा. फुगवलेला फुगा त्यात बुडवला की चिंबून जातो, बाहेर काढला की पुन्हा फुलतो. आत आपली साधी हवा असते, आणि तिच्यातला ऑक्सिजन तर चक्क द्रव होतो. जास्वंदीचं फूल, रबरी नळीचा तुकडा, दोन्ही ठिसूळ होतात. मुलांची पहिली रांग दोन मीटर मागे, वर्गाची दारं उघडी, ओतणारा माणूस एकच.

भांडं स्टेनलेस स्टीलचं किंवा थर्माकोलचं घ्या. प्लास्टिकची बादली तडकते, घरचा काचेचा थर्मास फुटू शकतो. नायट्रोजन रुंद तोंडाच्या भांड्यात तासन्‌तास उघडा ठेवू नका. तो ऑक्सिजनच्या उत्कलनबिंदूपेक्षा थंड असल्याने हवेतला ऑक्सिजन त्यात उतरत जातो. उरलेल्या द्रवाला फिकट निळी झाक दिसली तर तो ऑक्सिजनने भरलेला आहे असं समजून तेल, ग्रीस, कापूस, आगकाडी लांब ठेवा.

उरलेलं कुठं टाकायचं?

कुठंच टाकायचं नाही, उडून जाऊ द्यायचं. ड्राय आईस खोक्यातच, झाकण उघडं ठेवून, गच्चीवर किंवा परसात मुलं आणि जनावरं पोचणार नाहीत अशा जागी ठेवा. बेसिनमध्ये किंवा संडासात टाकला तर चिनी मातीला आणि पाइपला तडे जातात, फरशीवर ओतलेल्या नायट्रोजनने टाइल सुटते. नायट्रोजन सांडायचाच असेल तर बाहेर मोकळ्या जमिनीवर, वाऱ्याकडे पाठ करून, थोडा थोडा. उघड्या गटारात नाही, कारण थंड वायू गटारातून वाहत शेजारच्या तळघरात जाऊ शकतो.